दोन माइक आणि एक जिना

मंडळी, एक साधा प्रश्न. ड्रम सेटचं ध्वनिमुद्रण करायचं तर माइक किती लागतात?

हल्ली कुठल्याही मोठ्या स्टुडिओतला फोटो बघा. माइकच्या त्या जंगलात ड्रमवाला जेमतेम दिसतो. स्नेअरला वरून एक, खालून एक. बेस ड्रमच्या पोटात एक, बाहेर एक. प्रत्येक टॉमला एकेक, हाय-हॅटला वेगळा, झांजांच्या डोक्यावर दोन, आणि खोलीचा घुमारा पकडायला लांब आणखी दोन. दहा-बारा सहज झाले. आणि गंमत म्हणजे, ज्या ड्रमच्या आवाजाचं नाव काढलं की ध्वनिमुद्रक मंडळी आजही कानाची पाळी पकडतात, तो १९७१ च्या एका रेकॉर्डवरचा आवाज फक्त दोन माइकवर पकडलेला आहे. तेही ड्रमच्या जवळ नव्हते. वर जिन्यावर टांगलेले होते.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती नेहमीची 'साधनं नव्हती पण जिद्द होती' छापाची गोष्ट वाटली होती. पण त्या माणसांकडे जास्त माइक ठेवायची सोय होती. त्यांनी ते मुद्दाम ठेवले नाहीत. मग का ठेवले नाहीत, हे शोधायला लागलो आणि थेट मेणाच्या तबकड्यांपर्यंत मागे जावं लागलं. ती गोष्ट आज सांगतो.

ज्यांचा ड्रम सेटशी फारसा परिचय नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. पायाने वाजतो तो जमिनीवर आडवा ठेवलेला मोठा बेस ड्रम. मांडीपाशी असतो तो स्नेअर, आपल्या ताशासारखा कडक बोलणारा. त्याच्या खालच्या पानाला तारा लागलेल्या असतात म्हणून तो 'छर्र' करतो. मग लहान-मोठे टॉम. उजवीकडे पायांवर उभा असतो तो फ्लोअर टॉम. डावीकडे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, म्हणजे हाय-हॅट. आणि वर टांगलेल्या मोठ्या झांजा. वाजवणारा एक माणूस, पण वाद्यं पाच-सात, आणि त्यांचे आवाज एकमेकांपासून अगदी वेगळे. बेस ड्रम छातीत धडकतो, झांज कानात शिरते. हे सगळं एकाच वेळी, एकाच माणसाच्या चार हातापायांतून येतं. ध्वनिमुद्रकाची पंचाईत इथेच सुरू होते.

सुरुवातीला ही पंचाईत सोडवायचा मार्ग सरळ होता : ड्रम बाहेर ठेवायचा!

१९२५ च्या आधी ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, सुईखाली फिरणारं मेण. कर्ण्यासमोर जे काही वाजेल त्याच्या दाबाने पडदा हलायचा, सुई हलायची आणि मेणात रेघ उमटायची. मध्ये दुसरं काही नाही. त्यामुळे बेस ड्रमचा एक दणका बसला तर सुई खाचेतून उडायची धास्ती. शिवाय तेवढे खोल सूर त्या कर्ण्याला नीट पकडताही यायचे नाहीत. म्हणजे ड्रम असून त्रास आणि पकडून उपयोग शून्य.

एप्रिल १९२३ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड आला. बँडमध्ये तेव्हा विशीतला लुई आर्मस्ट्राँग होता, आणि ड्रमवर बेबी डॉड्स. हा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून; गाडी आली की काम थांबवायचं. आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट इतका दणदणीत, की त्याला बाकीच्यांच्या बराच मागे उभा केला होता, ही गोष्ट जॅझच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. आणि डॉड्स? न्यू ऑर्लीन्समधला तो नावाजलेला ड्रमवाला त्या तबकड्यांवर ऐकू येतो तो मुख्यतः लाकडी ठोकळ्यांवर. त्याचा खरा ड्रम त्या मेणाला झेपत नव्हता.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, दोन कारणांसाठी. पहिलं असं, की त्या काळच्या तबकड्या ऐकून 'सुरुवातीच्या जॅझमध्ये ड्रम असा टकटक वाजायचा' असा समज करून घेणारे पुढे किती तरी झाले असतील. यंत्राची मर्यादा ही संगीताची शैली म्हणून इतिहासात जमा होते ती अशी. दुसरं कारण आर्मस्ट्राँगच्या जागेत आहे. आवाज लहान-मोठा करायचं बटणच नव्हतं, म्हणून माणूस मागे-पुढे सरकवला. समतोल साधायचं एकमेव साधन म्हणजे अंतर. हे 'अंतर' प्रकरण ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी विजेवर चालणारी पद्धत स्वीकारली. कर्णा गेला, माइक आला. तरी जुनी भीती लगेच गेली नाही. डिसेंबर १९२७ मध्ये शिकागोत ओके कंपनीच्या एका ध्वनिमुद्रणाला अठरा वर्षांचा जीन क्रूपा आपला बेस ड्रमसकट पूर्ण सेट घेऊन हजर झाला, तेव्हा तिथली मंडळी धास्तावली होती म्हणतात. पण मुद्रण झालं, सुई जागेवर राहिली, आणि जॅझच्या तबकडीवर पूर्ण ड्रम सेट ऐकू येण्याची सुरुवात म्हणून तो दिवस सांगितला जाऊ लागला. बेबी डॉड्सलाही न्याय मिळाला, पण उशिरा. १९४६ मध्ये त्याच्या एकट्याच्या ड्रमचं आणि ड्रमबद्दलच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण झालं. ठोकळ्यांवर भागवाव्या लागलेल्या माणसाला तेवीस वर्षांनी ड्रम मिळाला!

पुढची तीसेक वर्षं हा ड्रम एखाद-दुसऱ्या माइकवरच मुद्रित होत होता. न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये रूडी व्हॅन गेल्डर नावाचा एक माणूस दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा, आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात जॅझ मुद्रित करायचा. ब्लू नोट कंपनीच्या पन्नाशीच्या दशकातल्या कितीतरी रेकॉर्ड त्या दिवाणखान्यात झाल्या. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला. त्याच्या रेकॉर्डवर आर्ट ब्लेकीची झांज ऐका. ती सुटी ऐकू येत नाही. झांज, स्नेअर, शेजारचा पियानो, सगळं एकाच हवेत वाजतंय असं वाटतं. कारण ते खरोखरच एका हवेत वाजत होतं, आणि ड्रमच्या माइकमध्ये थोडा पियानो, पियानोच्या माइकमध्ये थोडा ड्रम शिरत होता. याला ध्वनिमुद्रक 'गळती' म्हणतात. शब्द नळाच्या तक्रारीसारखा आहे, पण ती गळतीच त्या आवाजाला जोडून धरते.

इथे आपल्या मुंबईची आठवण होणं साहजिक आहे, कारण त्याच काळात तिथेही हेच चाललं होतं. हिंदी चित्रपटाचं गाणं तेव्हा अख्खा वाद्यवृंद एकत्र बसवून, गायक-गायिकेसह एका दमात मुद्रित व्हायचं. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ. मिनू कात्रक, रॉबिन चॅटर्जी यांच्यासारखे ध्वनिमुद्रक. जॅझ बँडमधून सिनेसंगीतात आलेले कावस लॉर्ड, त्यांचे चिरंजीव केरसी आणि बुजी, लेस्ली गुदिन्हो अशी तालवाद्यांवरची मंडळी. एका माइकवर एकापेक्षा जास्त वाद्यं हे नेहमीचंच. शेवटच्या ओळीला कुणाची काठी घसरली की गाणं पहिल्यापासून! व्हायोलिनवाले, कोरसवाले, सगळे पुन्हा तयार. तुमच्या एका चुकीची किंमत खोलीतले साठ-सत्तर लोक देणार, हे माहीत असलेला ड्रमवाला किती कान देऊन वाजवत असेल याची कल्पना करा. आपण किती जोरात आहोत हे त्याला स्वतःच्या कानाने ठरवावं लागे. नंतर कुणी बटण फिरवून सांभाळून घेईल, ही सोय नव्हती.

असो. परत लंडनला जाऊ. कारण माइक ड्रमच्या जवळ सरकवायची मोठी सुरुवात तिथे झाली.

एप्रिल १९६६. ईएमआयचा अॅबी रोड स्टुडिओ, बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या अल्बमचं काम. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक, वय वर्षं २०. ईएमआयचे नियम कडक. बेस ड्रमच्या फार जवळ माइक न्यायचा नाही, हवेच्या धक्क्याने महागडा माइक खराब होतो, असा दंडक होता. एमरिकने माइक जवळ नेला, आणि घुमारा मारायला ड्रमच्या आत एक लोकरीचा स्वेटर कोंबला. रिंगो स्टारचा ड्रम एकदम कानाशी येऊन वाजायला लागला. नियम मोडल्याबद्दल वरिष्ठांची रीतसर परवानगीही मग घ्यावी लागली. सरकारी कचेरीत फायली फिरतात तसाच प्रकार!

तो आवाज अफलातून होता यात शंका नाही. पण त्यातून दोन रस्ते फुटले. एक रस्ता म्हणाला, प्रत्येक ड्रमच्या इतकं जवळ गेलं तर? दुसरा म्हणाला, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं तर?

दुसऱ्या रस्त्याचा वाटाड्या ग्लिन जॉन्स. १९६८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बार्न्स भागातल्या ऑलिम्पिक स्टुडिओत तो लेड झेपलिन नावाच्या नव्याकोऱ्या बँडचा पहिला अल्बम मुद्रित करत होता. ड्रमवर जॉन बॉनम. अल्बमला स्टुडिओचे एकूण ३६ तासच लागले असं गिटारवादक जिमी पेज सांगत आला आहे. म्हणजे रेंगाळायला वेळ नव्हता. ग्लिनने स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की ड्रमचा एक माइक मधल्या वेळात दुसऱ्या कामाला वापरला होता आणि तेव्हा त्याचा आवाज एका बाजूच्या स्पीकरला लावलेला होता. तो परत फ्लोअर टॉमपाशी आणून ठेवला, तरी तो एका बाजूलाच राहिला. ऐकतो तर ड्रम अचानक रुंद झालेला! मग त्याने वरचा माइक दुसऱ्या बाजूला नेला. झाला स्टिरिओ ड्रम. आज जगभर ही रचना 'ग्लिन जॉन्स पद्धत' म्हणूनच ओळखली जाते.

पद्धत सांगायला सोपी आहे. एक माइक स्नेअरच्या वर, साधारण मीटरभर उंचीवर, खाली बघणारा. दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, टॉमच्या काठापेक्षा थोडा वर, आडवा, स्नेअर आणि हाय-हॅटकडे बघणारा. झाले दोन. हवा तर बेस ड्रमपुढे एक, आणि फारच वाटलं तर स्नेअरपाशी एक, नुसती चव लावायला. मुख्य अट एकच : पहिल्या दोन्ही माइकचं स्नेअरपासूनचं अंतर अगदी सारखं हवं. त्यासाठी फार मोठी उपकरणं लागत नाहीत. स्नेअरच्या मध्यावर एका टोकाला बोट ठेवून सुतळी ताणायची, एका माइकपर्यंत मोजायची, तेवढीच दुसऱ्यापर्यंत. सुताराला जमेल असं काम.

अंतर सारखं कशासाठी? थोडा हिशेब करू, घाबरू नका. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ३४ सेंटिमीटर जायला त्याला एक मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग लागतो. समजा स्नेअरपासून एक माइक १०० सेंटिमीटरवर आहे आणि दुसरा १३४ वर. एकच ठोका दुसऱ्या माइकला एक मिलिसेकंद उशिरा पोचणार. आता ५०० हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन दोन मिलिसेकंदांचं असतं. एक मिलिसेकंद उशीर म्हणजे बरोबर अर्धं आवर्तन. एका माइकमध्ये लाट वर चढत असते तेव्हा दुसऱ्यात ती खाली उतरत असते. दोन्ही एकत्र केले की बेरीज जवळजवळ शून्य! उलट १००० हर्ट्झला उशीर पूर्ण एका आवर्तनाचा, तिथे लाटा एकमेकींत मिळून आवाज वाढतो. म्हणजे काही सूर गळतात, काही फुगतात, आणि भरदार स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजायला लागतो. त्या काळात बरेच रेडिओ एकाच स्पीकरचे होते, डावं-उजवं तिथे एकत्रच व्हायचं. मग ही चूक सगळ्यांना ऐकू जायची. अंतर सारखं असलं की स्नेअर दोन्हीकडे एकाच क्षणी पोचतो आणि भांडण मिटतं.

आता तुम्ही विचाराल, दोनच माइक असले तर मोजायला दोनच अंतरं. बारा असतील तर? बरोबर ओळखलंत. प्रत्येक वाढीव माइकबरोबर या भांडणाच्या जोड्या वाढतात. दोन माइकची एक जोडी, चारच्या सहा, बाराच्या सहासष्ट! जास्त माइक म्हणजे जास्त आवाज असं आपल्याला वाटतं, पण हिशेब चुकला तर जास्त माइक म्हणजे पातळ आवाज.

आणखी एक गोष्ट. माइक स्नेअरपासून दोन इंचांवर ठेवला तर त्याला मुख्यतः पान ऐकू येतं, तेही काठी पडते त्या भागातलं. पण ड्रम म्हणजे नुसतं वरचं पान नव्हे. त्याची लाकडी कड बोलते, खालचं पान बोलतं, तारा बोलतात, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. हे सगळे आवाज हवेत एकमेकांत मिसळायला थोडी जागा लागते. मीटरभर लांबून जो ऐकू येतो तो ड्रम. दोन इंचांवरून ऐकू येतो तो ड्रमचा एक तुकडा.

आता त्या जिन्याकडे येऊ.

इंग्लंडमध्ये हॅम्पशर परगण्यात हेडली ग्रेंज नावाची दगडी इमारत आहे. १७९५ मध्ये ती बांधली गेली ती गरीब, अपंग, वृद्ध आणि अनाथांना ठेवण्यासाठी. १८३० च्या शेतमजुरांच्या उठावात तिच्यावर जमावाने हल्लाही केला होता. पुढे ती खाजगी घर झाली. १९७० च्या अखेरीस लेड झेपलिनची मंडळी चौथ्या अल्बमसाठी या थंडगार, ओलसर घरात राहायला आली. बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे ध्वनिमुद्रणाची सगळी यंत्रं भरलेला एक ट्रक उभा, आणि त्यातून घरात ओढलेल्या केबल. ट्रकमध्ये अँडी जॉन्स, ग्लिनचा धाकटा भाऊ, वय अवघं वीस.

घराच्या प्रवेशदालनात एक उंच जिना होता. तीन मजले वर जाणारी मोकळी पोकळी. बॉनमचा ड्रम खाली त्या दालनात मांडला, आणि वरच्या जिन्यावरून बायर कंपनीचे दोन एम १६० माइक खाली तोंड करून टांगले. हे पट्टीचे माइक : चुंबकाच्या मध्ये अॅल्युमिनियमची अतिशय पातळ पट्टी थरथरते आणि त्यातून वीज तयार होते. झांजांचा चरचरीतपणा हे माइक जरा मवाळ करतात. बेस ड्रमपाशी माइक नाही, स्नेअरपाशी नाही. ट्रकमध्ये तो आवाज कॉम्प्रेसरमधून नेला. हे यंत्र मोठा आवाज दाबतं, त्यामुळे ठोक्यानंतरचा बारीक घुमारा वर उचलला जातो. प्रत्येक ठोक्यानंतर घरानेच श्वास घेतल्यासारखं वाटतं. जोडीला बिन्सन नावाचं एक इटालियन प्रतिध्वनी यंत्र होतं, आणि नंतर टेपचा वेग थोडा उतरवून सगळंच आणखी जड केलं. गाणं होतं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', म्हणजे बांध फुटतो तेव्हा. मूळ गाणं १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय या जोडीचं, १९२७ च्या मिसिसिपी नदीच्या महापुरावरचं.

गाण्याच्या सुरुवातीला ड्रम एकटाच आहे. ते काही क्षण हेडफोन लावून ऐका. आपण ड्रमशेजारी नसतो, जिन्यावर वाकून खाली बघत असतो. ठोका पडतो, भिंतींवर चढतो, वर आपल्यापर्यंत येतो. १९८६ मध्ये बीस्टी बॉइजने आपल्या अल्बमची सुरुवातच या तुकड्याने केली, आणि त्यानंतर तो तुकडा कुणी कुणी उचलला याची गणती नाही. घ्या म्हणावं! ड्रम उचलता येतो, पण त्याच्याबरोबर १७९५ चं घरही उचलावं लागतं.

पण सगळं श्रेय जिन्याला आणि माइकला देणं अन्यायाचं होईल. दोन माइकवर मुद्रण करताना एक गोष्ट कुणालाच बदलता येत नाही : स्नेअर आणि झांज यांचं आपापसातलं प्रमाण. ते वाजवणाऱ्याच्या हातातच ठरलेलं असतं. झांजा हाणणारा उत्साही ड्रमवाला त्या जिन्याखाली बसवला असता, तर वर नुसती चाळणीतून खडी पडल्यासारखी खरखर आली असती. बॉनम दणकट म्हणून प्रसिद्ध, पण त्याचा खरा गुण प्रमाणाचा. पायाचा भार, स्नेअरचा फटका, झांजेवरचा हलका हात, हे मिश्रण तो स्वतःच करत होता. ड्रममध्ये उश्या कोंबून आवाज मारण्यापेक्षा ते मोकळे आणि बरेच ताणून लावलेले ठेवणं त्याला पसंत. पुढे १९८० मध्ये तो अकाली गेला आणि त्याच्यामागे बँडही थांबला. दुसरा ड्रमवाला आणून काम भागेल असं त्यांना वाटलं नाही, यातच सगळं आलं. (जाता जाता : याच बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांबरोबर त्यांनी आपली दोन गाणी मुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला मात्र २०१५ उजाडलं.)

तरी जग गेलं पहिल्याच रस्त्याने. सत्तरच्या दशकात १६ आणि २४ ट्रॅकची यंत्रं आली. ट्रॅक आहेत तर वापरा! प्रत्येक ड्रमला माइक, प्रत्येक माइकला ट्रॅक. गळती नको म्हणून स्टुडिओच्या भिंतींना गालिचे, ड्रमवर टॉवेल, पुढचं पान काढून आत घोंगडी. खोली मुकी करून टाकली. मग मिक्सिंगच्या वेळी लक्षात आलं की आवाज निर्जीव झालाय, म्हणून यंत्रातून कृत्रिम घुमारा घातला. घरची विहीर बुजवायची आणि मग बाटलीतलं पाणी विकत आणायचं, तसं.

त्यात १९७९ मध्ये एक मजेदार प्रकार झाला. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चालू होतं, ड्रमवर फिल कॉलिन्स, ध्वनिमुद्रक ह्यू पॅडम. स्टुडिओत वादकांचं बोलणं काचेपलीकडे ऐकू यावं म्हणून एक माइक टांगलेला होता, त्यावर जबरदस्त कॉम्प्रेसर. त्याचा ध्वनिमुद्रणाशी काही संबंध नव्हता, तो नुसता 'चहा आला का' विचारायला. कॉलिन्स वाजवत असताना तो माइक चालू राहिला, आणि त्यातून आलेला प्रचंड आवाज ऐकून सगळे उडाले. त्यातून १९८० चा तो अल्बम आणि १९८१ चं 'इन द एअर टुनाइट' निघालं, आणि पुढची दहा वर्षं जगातला प्रत्येक ड्रम तसाच वाजू लागला. म्हणजे बघा, जवळच्या माइकांचं युग भरात असताना त्या युगाचा सगळ्यात गाजलेला आवाज सापडला तो लांब टांगलेल्या एका फालतू माइकमध्ये!

आज तर त्याहीपुढची मजल आहे. संगणकावर ड्रमचा प्रत्येक ठोका सरकवून तालात बसवता येतो, नको असेल तर काढून दुसऱ्याच ड्रमचा ठोका तिथे चिकटवता येतो. अशा तयार ठोक्यांचे संच विकत मिळतात. त्यांच्या जाहिरातीत अभिमानाने काय लिहिलेलं असतं? अमुक स्टुडिओच्या खोलीचा घुमारा समाविष्ट! दुसऱ्या बाजूला ब्रुकलिनच्या डॅपटोनसारखे छोटे स्टुडिओ एकविसाव्या शतकातही टेपवर, मोजक्या माइकवर, सगळे वादक एकत्र बसवून काम करत राहिले. एमी वाइनहाउसच्या २००६ च्या 'बॅक टू ब्लॅक' मधली काही गाणी तिथे, त्यांच्याच वादकांसोबत झाली. तिथला ड्रम ऐकताना एका खोलीत दहा माणसं एकमेकांकडे बघत वाजवताहेत हे कळतं.

हे सगळं वाचून 'जुनं ते सोनं' असा निष्कर्ष कुणी काढू नये. बारा माइकवरही उत्तम ड्रम मुद्रित होतात, आणि दोन माइकवर भिकार आवाज काढणं तर फारच सोपं आहे. मला यात जे महत्त्वाचं वाटतं ते वेगळं आहे. बारा माइक ठेवणारा खरं तर निर्णय पुढे ढकलत असतो. स्नेअर किती, झांज किती, खोली किती, हे आत्ता नको, नंतर बघू. आणि 'नंतर' जो बघतो तो वाजवणारा नसतो. काचेपलीकडे, सहा महिन्यांनी, वाजवणारा घरी गेल्यावर कुणीतरी ठरवतं. दोन माइक ठेवले की ते निर्णय त्याच क्षणी, त्याच खोलीत घ्यावे लागतात, आणि त्यातला मोठा वाटा वाजवणाऱ्याकडे परत जातो. तो जे प्रमाण वाजवतो, तेच प्रमाण आपण पन्नास वर्षांनी ऐकतो.

बेबी डॉड्सच्या वेळी यंत्राला ड्रम झेपत नव्हता म्हणून त्याच्या हातात ठोकळे आले. आजच्या यंत्राला सगळं झेपतं, इतकं की ड्रमवाल्याने प्रमाण नाही सांभाळलं तरी चालतं. आणि जे नाही केलं तरी चालतं ते शिकायचं हळूहळू बंद होतं. तबला-पखवाजच्या तालमीत गुरुजी डग्गा किती आणि चाट किती हे वर्षानुवर्षं कानात भरतात. ते प्रमाण माइकवाल्याच्या भरवशावर कुणी सोडलं तर त्या शिष्याला काय ऐकायला मिळेल, हे सांगायला नकोच.

घरी ध्वनिमुद्रण करू पाहणारी कॉलेजातली पोरं हल्ली बरीच भेटतात. माइक कमी आहेत हे त्यांचं कायमचं रडगाणं. त्यांना सांगायचं ते एवढंच. दोन आहेत ना? पुरेत. आधी ड्रमवाल्याला वाजवायला सांगा आणि माइक न लावता खोलीत हिंडा. कोपऱ्यात उभे राहा, खुर्चीवर चढा, दाराबाहेर जा, घराला जिना असेल तर जिन्यावर जा. जिथे उभं राहिल्यावर 'हा, आत्ता बरं लागतंय' असं वाटेल तिथे एक माइक लावा. मग सुतळी घ्या आणि दुसऱ्याची जागा मोजा. तरीही झांजा फार वाटल्या तर बटणाला हात लावू नका. ड्रमवाल्याला म्हणा, बाबा रे, झांज जरा हळू.